काचेरी रोपं

कारखान्याच्या दवाखान्यामागं टिश्यू कल्चरच्या दोन खोल्या होत्या. तिथं नेमकं काय चालतं हे निम्म्या संचालकांना धड सांगता आलं नसतं. बाटलीत ऊस करतात, एवढं सगळ्यांना ठाऊक. पाहुणे आले की चेअरमन आप्पा त्यांना तिकडं फिरवून आणायचे. पाहुणे काचेतून आत डोकावायचे, ‘अरे वा’ म्हणायचे आणि चहाला जायचे.

आत काम करणाऱ्या चार बायकांपैकी तिघी बी.एस्सी. झालेल्या. चौथी सत्यभामा, सातवी पास, चौसाळ्याजवळच्या वाडीची. ती १९९८ साली बाटल्या धुवायला म्हणून लागली. त्याआधी तिनं नवऱ्याबरोबर नऊ हंगाम ऊस तोडला होता. सहा वर्षं बाटल्या धुतल्यावर एक पोरगी लग्न होऊन गेली आणि तिच्या जागेवर चार दिवस बसवायला कुणी मिळेना. तेव्हा युनिटचे प्रमुख बद्रीनाथ सर म्हणाले, बघू तरी हिला बसवून. ते चार दिवस पुढं नऊ वर्षं चालले.

काम तसं एका ओळीत सांगण्यासारखं. काचेच्या पेटीतून गाळलेला वारा सारखा अंगावर येत असतो. त्या वाऱ्यात दोन्ही हात घालून, चिमट्यानं आणि पात्यानं उसाच्या इवल्या रोपांचे गड्डे सोडवायचे आणि नव्या बाटलीत ठेवायचे. हात जरा इकडंतिकडं झाला की आठवड्यात बाटलीला बुरशी आलीच म्हणून समजा. पदवीवाल्यांच्या शंभरातल्या आठ-दहा बाटल्या बुरसायच्या, सत्यभामाच्या दोन. यात जादू काही नव्हती. त्या तिघी हात चालवता चालवता सासूपासून सिरियलपर्यंत सगळ्यांचा समाचार घ्यायच्या आणि ही तोंड मिटून असायची.

तिला ते स्टूल फार प्रिय होतं. पगारासाठी होतंच, पण खरं कारण वेगळं. त्या पेटीत हात असेपर्यंत तिला कुणी हाक मारायचं नाही. पाणी दे, पोरगं धर, मोळी उचल, असं काही नाही. उभ्या जन्मात तिला असं दुसरीकडं कुठं मिळालं नव्हतं.

आमच्या भागात ऊसतोडीला कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा माणूस हा अर्धा कोयता. सत्यभामाचा नवरा सुग्रीव दर साल दिवाळीनंतर टोळीबरोबर जायचा तो अर्धा कोयता म्हणून, पुतण्याच्या जोडीनं. मुकादम धुळाजी दर साल येऊन विचारायचा, ‘वैनी, यंदा तरी पुरा कोयता करा की.’ ती म्हणायची, ‘कारखान्यात हाय मी.’ हे वाक्य म्हणायला तिला मनापासून आवडायचं. युनिट बंद पडलं, किंवा तिला काढलं, तर हे वाक्य संपणार आणि ती पुन्हा उसाच्या पाचटाच्या झोपडीत, त्या कोपीत जाणार, हे तिला स्वच्छ कळत होतं.

पेटीसमोर बसवल्यावर पहिल्याच आठवड्यात बद्रीनाथ सरांनी तिच्यापुढं दोन बाटल्या ठेवल्या होत्या. एकीत हिरव्या कोंबांचा झुबका, दुसरीत नुसती पांढरी मुळं.

‘ह्या दोन्हीत एकाच गोळ्याचे दोन तुकडे आहेत,’ सर म्हणाले. सर परभणीला शिकलेले, बोलायचे पुस्तकी, पण मध्येच गावचा सूर निघायचा.

‘मग एक असा आन् एक तसा कावून?’

‘उसाच्या शेंड्यात, अगदी आत, तिळाहून बारीक जागा असते. तिथल्या पेशी अजून काहीच झालेल्या नसतात. पान नाही, मूळ नाही, कांडं नाही. काय व्हायचं ते आजूबाजूचं बघून ठरतं.’

‘आजूबाजूला काय बघत्यात त्या?’

‘कोणतं औषध जास्त, कोणतं कमी. उजेड किती. खालचा मीडिया, ही जेली, घट्ट का पातळ. हवा कोरडी का ओली. ह्या बाटलीत कोंबाचं औषध जास्त, त्या बाटलीत मुळाचं. बास. गोळा तोच.’

‘एवढं सगळं त्या बघत्यात?’

‘ह्याहून जास्त बघत असतील. आपल्याला एवढंच कळलंय.’

सत्यभामानं दोन्ही बाटल्या उजेडाकडं धरून बराच वेळ पाहिल्या. पुढं आप्पांनी हीच गोष्ट सव्वीस जानेवारीच्या भाषणात घेतली आणि माणसाचंही असंच असतं, चांगल्या संगतीत चांगला होतो, असं म्हणून टाळ्या घेतल्या. सत्यभामाला ते पटलं नाही. पेशी बिचारी मिळेल ते घेते. माणूस मिळेल ते घेतो आणि वर दुसरंच सांगतो.

मग २०१२ सालचा पाऊस आलाच नाही. कारखान्याचा बॉयलर पेटला तो महिनाभरात विझला. उभा ऊस तोडून जनावरांच्या छावण्यांना चारा म्हणून गेला, आणि त्यातच पुढच्या लागणीचं बेणंही गेलं. पालीचं धरण इतकं आटलं की लोक तळाची माती बघायला जायचे. वाडीला आठ दिवसांनी टँकर येई, घरामागं दोन पिंपं. सत्यभामा त्या दोन पिंपांचा हिशोब वाटीनं करायची.

फेब्रुवारीत आप्पा युनिटात आले, पहिल्यांदाच पाहुण्याशिवाय. बायकांना उभं करून ते म्हणाले, ‘शिवारात बेणं ऱ्हायलं न्हाई. जूनला पाऊस पडला तर सभासदाला द्यायला ह्या बाटल्यांशिवाय काय बी न्हाई आपल्याकडं. बारा हजार रोपं मला पायजेत. न्हाई निघाली तर मी संचालकांना अडवू शकत न्हाई. ते ह्या खोल्या चाऱ्याच्या गोदामाला मागायलेत.’ एवढं बोलून ते गेले. त्या दिवशी तिघींची सिरियल बंद राहिली.

बारा हजार म्हणजे बाराशे बाटल्या, बाटलीला दहा रोपं. मार्चमध्ये ती सगळी रोपं एकदा नव्या मीडियावर हलवायची होती. मीडिया म्हणजे साखर, क्षार, औषधं आणि अगर यांची शिजवलेली जेली. अगर जेवढा जास्त तेवढी जेली घट्ट. हे शिजवण्याचं काम खतीजाकडं होतं. खतीजा त्या तिघींतलीच, बीडच्या इसाक मिस्त्रींची मुलगी, तेवीस-चोवीस वर्षांची, कामाला चोख. वजनकाट्यावर एक कण जास्त पडला तर परत उचलणारी. नेमका त्याच वेळी इसाकभाईंना अर्धांगाचा झटका आला आणि ती पंधरा दिवसांच्या रजेवर गेली. जाण्याआधी तिनं औषधांची बाटली तयार करून ठेवली, वही उघडून दाखवली आणि सत्यभामाला समोर बसवून एक घाणा करून घेतला. ‘मावशी, अगर आठ ग्रॅम. एका लिटरला आठ. बाकी समदं लिवलंय.’ बद्रीनाथ सर तर आधीच नव्हते, कारखान्यानं त्यांना पालीजवळच्या छावणीवर चारा वाटायला बसवलं होतं. एम.एस्सी.चा माणूस कडब्याच्या पेंढ्या मोजत होता.

मार्चच्या उन्हात वीज तास तास जायची आणि खोलीतला एसी बंद पडायचा. जुन्या बाटल्यांतली जेली आटून काचेपासून सुटायला लागली. कडेनं भेग पडायची, थेट वावराला पडते तशी. रोपांची पानं टोकाला पिवळी दिसायची. सत्यभामाला ते बघवेना. ह्यांना प्यायला नाही, असं तिला वाटलं, आणि दुष्काळात वाडीवरच्या कुणालाही तेच वाटलं असतं. तिनं अगर आठऐवजी पाच ग्रॅम घातला. जेली सैल झाली, वर पाण्याचा थर झळकायला लागला. मग वाफसुद्धा वाया जाऊ नये म्हणून तिनं झाकणांभोवती चिकटपट्टी गुंडाळली. वहीत मात्र आठच लिहिलं. पाच लिहिलं असतं तर सरांनी का म्हणून विचारलं असतं, आणि तिच्याकडं सांगण्यासारखं एकच होतं, की मला दया आली. ते काही वहीत लिहायचं कारण नव्हे.

बाराशे बाटल्या पंधरा दिवसांत हलवून झाल्या. खतीजा परत आली तेव्हा तिनं एक बाटली तिरकी करून पाहिली.

‘मावशी, पातळ वाटायलंय.’

‘उन्हानं झालं आसंल,’ सत्यभामा म्हणाली. खतीजानं मान डोलावली. मावशी म्हणते म्हटल्यावर तिला शंका घेण्याचं कारण नव्हतं.

तीन आठवड्यांत रोपं अशी फोफावली की बघत राहावं. रुंद, गुबगुबीत, चकचकीत पानं. बाटली उजेडाकडं धरली तर पानाआडचं बोट दिसे. बाहेर गवताची काडी नाही आणि इथं फळीफळीवर हिरवा डोंब. आप्पा दर दोन दिवसांनी कुणाला ना कुणाला घेऊन येऊ लागले. एका संचालकानं तर सत्यभामाला सगळ्यांदेखत हरभऱ्याच्या झाडावर चढवलं, म्हणाला हिच्या हाताला गुण आहे. खोटं कशाला सांगा, ती चढली. त्या दिवशी तिनं आरशात स्वतःकडं दोनदा पाहिलं.

एप्रिलच्या शेवटी बद्रीनाथ सर छावणीवरून सुटून आले, रापलेले, अंगाला शेणाचा वास. त्यांनी पहिली बाटली उचलली आणि परत ठेवली. दुसरी उचलली. मग पंधरावीस बाटल्या. शेवटी चिमट्यानं एक रोप काढून टेबलावर कागदावर ठेवलं आणि चहा मागवला. चहा पिऊन होईतो ते रोप ओल्या दोऱ्यासारखं कागदाला चिकटलं होतं.

‘ही काचेरी रोपं आहेत,’ सर म्हणाले. ‘ह्यांच्यात पाणी आहे, दुसरं काही नाही. पानाला बारीक तोंडं असतात, उन्हात ती मिटायची असतात. वरनं मेणाचा पातळ थर असतो. ह्यांना सगळीकडं ओलंच ओलं मिळालं, म्हणून ह्यांच्या पेशींनी त्यातलं काहीच केलं नाही. मिटायची कधी गरजच पडली नाही. बाहेर काढली की मरतील.’

‘समदी?’ सत्यभामानं विचारलं.

‘सगळी त्याच मीडियावर ना? सगळी.’

सरांनी वही काढली. अगर आठ, अगर आठ, अगर आठ. मग मीडिया मुळात घट्टच होता; आता पातळ दिसतो तो उन्हानं आणि झाकणांची पट्टी बुरशी येऊ नये म्हणून, असं त्यांनी धरलं. उरलं ते कोंबाचं औषध. ते दुप्पट पडलं तरी रोपं काचेरी होतात, हेही खरंच. आणि ते औषध खतीजानं बनवून ठेवलेलं.

‘म्या दोनदा वजन केलतं, सर,’ खतीजा म्हणाली.

‘बापाचं आजारपण होतं. गडबडीत होतं माणसाकडून.’

‘म्या दोनदा केलतं.’ ती एवढंच म्हणत राहिली. बाटलीत औषध उरलं नव्हतं, तेव्हा दाखवायला तिच्याकडं काही नव्हतं. सरांचा स्वभाव वाईट नव्हता. ते आप्पांकडं गेले, जे समजलं ते सांगितलं. आप्पा म्हणाले, पोरीला घरी बसवा, आणि परवा सकाळी त्या बाटल्या उकळून रिकाम्या करा. औषधच जास्त पडलं असेल तर ते रोपाच्या अंगात भिनलेलं, त्यावर इलाज नव्हता. खतीजानं महिना भरेपर्यंत यायचं, मग नाही.

सत्यभामा मूग गिळून बसली. पहिला दिवस गेला. दुसऱ्या दिवशी खतीजा तिच्या शेजारी बसून डबा न उघडता तिच्याशीच बोलत होती. ‘मावशी, तुमी तर बगितलंय मला. म्या गडबड केली आसंल का?’ सत्यभामा म्हणाली, ‘जेव की आधी.’ त्याच संध्याकाळी वाडीच्या चावडीवर धुळाजी पुढच्या हंगामाच्या जोड्या लिहीत बसला होता. तिला बघून तो फक्त हसला. ती पदर ओढून भरभर पुढं गेली. तिकडं खतीजाच्या घरी इसाक मिस्त्री खाटेवर, पोरीचा पगार हा त्या घराचा आधार, हे तिला माहीत होतं. तिनं ते मनातल्या मनात मांडलं, बाजूला कोपी मांडली, आणि कोपीकडं बघून ती गप्प राहिली. तिला लाज वाटत होती. लाज वाटत असूनही माणूस गप्प राहू शकतो, हे तिला त्या दोन दिवसांत कळलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी बाटल्या उकळायचं काम तिच्याकडंच आलं. वाफेच्या मोठ्या कुकरात एका वेळी चाळीस बाटल्यांची जाळी बसते. तिनं झाकणं सैल केली, जाळी भरली, जाळी उचलून कुकरात सोडली. झाकणाचे स्क्रू आवळायला घेतले. सहापैकी चार आवळले आणि ती थांबली. आतली रोपं औषधानं बिघडलेली नाहीत, हे त्या इमारतीत तिला एकटीला ठाऊक होतं. नुसती पाण्यानं बिघडलेली. म्हणजे अजून काही करता येईल कदाचित. पण ते करायचं तर आधी सांगावं लागणार होतं. तिनं चारही स्क्रू परत सोडले आणि सरांच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिली.

‘सर, आठ न्हाई. पाच टाकलतं म्या.’

‘काय पाच?’

‘अगर. आन् झाकणाला पट्टी मारलती, वाफ जाऊ नये म्हून. वहीत आठ लिवलं. खतीजाचं औषद बराबर हाय.’

बद्रीनाथ सरांनी तिच्याकडं पाहिलं. ‘का?’

‘जेली आटत होती. मला वाटलं तान लागली आसंल त्यांला.’

सर उठून कुकरापाशी गेले, एक बाटली काढून काडी खुपसली. काडी खळीत जावी तशी गेली. ते जागेवर येऊन बसले, चष्मा काढून पुसला. रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं. त्यांनी नुसतं खतीजाला हाक मारली आणि म्हणाले, ‘मीडिया चढव. अगर नऊ. कोंबाचं औषध अजिबात नको. आणि झाकणं नकोत, कापसाचे बोळे करा, हवा खेळू दे.’

चौघींनी बारा दिवस रविवारसुद्धा न धरता ती रोपं परत हलवली. जुनी काचेरी पानं सडून गेली, ती जाणारच होती. पण बुडाशी, गड्ड्याच्या आत, अजून काहीच न झालेल्या पेशी शिल्लक होत्या. त्यांना आता खाली घट्ट मीडिया लागला आणि वरून कोरडी हवा. त्यांनी अरुंद, खरबरीत, निस्तेज पानं काढली, हाताला उसासारखी लागणारी. कुणी पाहुणा त्यांना ‘अरे वा’ म्हणाला नाही. बारा हजारांतली सहा हजार नऊशे वाचली. जूनमध्ये पाऊस झाला, रोपं महिनाभर सावलीच्या जाळीत राहिली आणि मग सभासदांच्या वावरात गेली. गोदाम दुसरीकडं झालं.

संचालकांच्या बैठकीत विषय एकच होता, वहीत खोटं लिहिल्याचा. बद्रीनाथ सरांनी तिच्या बाजूनं दोन पानं लिहून दिली होती. ती वाचली गेली आणि विषय पुढं गेला. सत्यभामा रोजंदारीवर होती, तिला काढायला पत्रसुद्धा लागलं नाही.

दिवाळी झाल्यावर चौसाळ्याच्या फाट्यावर टोळीचा ट्रक उभा होता. भांडी, पत्रे, कोंबड्या, माणसं, सगळं एकावर एक चढत होतं. धुळाजीनं यादीत सुग्रीवपुढं पुरा कोयता लिहिला होता. खतीजा बीडहून कामावर येताना फाट्यावरच उतरली आणि ट्रकपाशी आली. तिच्या हातात खारी-बिस्किटांचा पुडा होता.

‘अब्बानं दिलाय. वाटंत खायला.’

‘कसं हाय त्यांचं?’

‘आता काठीनं चालत्यात.’ तिनं पुडा दुसऱ्या हातात घेतला. ‘मावशी, एक इचारू? ते दोन दिस गप कावून बसलत्या?’

‘कोयत्याला भ्याले.’

खतीजानं मान हलवली. तेवढं तिनं ताडलं होतं. ‘पर तिसऱ्या दिवशी बोललात. जागा जाणार हे म्हाईत आसून. अब्बा लई दुवा देत्यात तुमाला. म्हणत्यात, माज्या पोरीसाठी त्या बाईनं रोजी सोडली.’

ट्रकवाल्यानं हॉर्न दिला. होय म्हणायला काहीच लागत नव्हतं. उन्हानं झालं असेल, हे म्हणतानाही काही लागलं नव्हतं. 

‘न्हाई पोरी,’ सत्यभामा म्हणाली. ‘बाटल्या उकळाय चालल्या म्हून बोलले. त्या आदीच गेल्या आसत्या, तर बोलले नसते. तुज्यासाठी न्हाई बोलले मी.’

 खतीजानं पुडा ट्रकच्या फाळक्यावर ठेवला आणि रस्ता ओलांडून कारखान्याच्या वाटेला लागली. सुग्रीवनं वरून हात दिला आणि सत्यभामा चढली.